रविराजचं उभं यंत्र

रविराज मेस्त्रीचं दुकान मालवणात बंदराच्या वाटेवर होतं. दुकान कसलं, दहा बाय आठचा गाळा. ट्रॉलरवरच्या, विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीतल्या जळालेल्या मोटरी तिथे यायच्या आणि तो त्यांचं वाइंडिंग करून द्यायचा. बोटांना कायम वार्निशचा वास. बोलणं तोलूनमापून. गिऱ्हाईक 'कधी देतंस रे?' म्हणून ओरडलं की मान वर न करता 'गुरवारी' म्हणायचा, आणि गुरुवारी खरंच द्यायचा. आमच्याकडे वेळेवर काम देणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानेच बघतात. मीही बघायचो.

माझा मालवणातच भरडावर संगणकाचा क्लास होता. सगळे मला 'सर' म्हणायचे. बारा वर्षं 'सर' म्हणवून घेतलं की माणसाला एक खोड लागते, 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तोंडातून फुटत नाहीत. त्या खोडीपायी जे झालं त्याची ही हकिगत आहे. ते भोगलं रविराजने, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

२००७च्या दिवाळीनंतर तो क्लासवर आला आणि दारातच उभा राहिला.

"सर, तुमच्याकडे बंद पडलेले प्रिंटर आसत मा? त्येंच्यातल्यो मोटरी होयो होत्यो."

माळ्यावर सहा प्रिंटर धूळ खात पडले होते. त्याने तिथेच खाली बसून एक उघडला, आतली चौकोनी मोटर बाहेर काढली आणि बोटाने हळूच फिरवली. ती टक्, टक् करत फिरली. मग त्याने मला शिकवायला सुरुवात केली, क्लास माझा असून. ही मोटर इतर मोटरींसारखी गरगरत नाही. सांगाल तेवढी पावलं चालते आणि थांबते. अशा तीन मोटरी आडव्या, उभ्या आणि पुढे-मागे अशा लावल्या आणि संगणकाने त्यांना पावलं मोजून दिली, तर त्यांच्या टोकाचं हत्यार हवं तिथे नेऊन ठेवता येतं. कारखान्यांत अशी मोठी यंत्रं असतात, सीएनसी म्हणतात. परदेशात हौशी माणसं ती घरी बांधतात. त्यालाही एक बांधायचं होतं.

"कित्याक?" मी विचारलं.

"बाबाचो चेहरो धरूक," तो म्हणाला.

त्याचे वडील भिकाजी मेस्त्री. कोळंबच्या पुलापलीकडे त्यांच्या घराला लागून कौलारू पडवी होती, तीच गणपतीची शाळा, मूर्ती घडवायची जागा. नागपंचमी जवळ आली की बेचाळीस घरांतली माणसं आपापला लाकडी पाट डोक्यावर घेऊन तिथे यायची, पाटावर सुपारी ठेवायची आणि परत जायची. बोलायचं काही नसायचंच. कोणाचा गणपती केवढा, बैठक कशी, उंदीर कुठल्या बाजूला, हे भिकाजीकाकांना तोंडपाठ. साचा नावाची वस्तू त्या शाळेत नव्हती. शाडूचा पहिला गोळा त्या घराच्या पाटावरच बसायचा, आणि काकांच्या लेखी त्याच घडीला तो त्या घरचा गणपती व्हायचा. त्यानंतर त्याला आडवा करायचा नाही, दुसऱ्या पाटावर घ्यायचा नाही. ज्याला पाट नाही असा गणपती त्यांनी जन्मात केला नाही, नमुन्याखातरही नाही. एकदा कोणी एक साहेब मोटार घेऊन आला आणि म्हणाला, दिवाणखान्यात ठेवायला मूर्ती हवी. काकांनी विचारलं, "पाट हाडलास?" साहेब आला तसा गेला.

बेचाळीस गणपतींचा चेहरा एकच, आणि तो दुसऱ्या कुठल्याही शाळेत बघायला मिळायचा नाही. जेवून निवांत बसलेला, घरातल्यांचं बोलणं डोळे अर्धे मिटून ऐकणारा वडीलधारा माणूस असावा, तसा. हा चेहरा काकांच्या हातात होता, दुसरीकडे कुठेही नव्हता. दरवर्षी बेचाळीस चेहरे व्हायचे आणि दीड, पाच किंवा सात दिवसांनी बेचाळीसही पाण्यात जायचे. फोटो होते, पण फोटोवरून गालाची खोली किती ते कळत नाही.

त्या वर्षी चतुर्थीला काकांचा उजवा हात कापायला लागला. डोळे आखताना डाव्या हाताने उजवं मनगट धरून बसावं लागलं. कुडाळच्या डॉक्टरने कंपवात सांगितला आणि वर हेही सांगितलं की अजून एक वर्ष कसंबसं निघेल, पुढचं धरून चालू नका.

रविराजने स्वतः हात चालवून बघितला नव्हता असं नाही. लहानपणापासून शंभर वेळा बघितला होता. त्याने केलेला गणपती गालगुंड झाल्यासारखा दिसायचा. काका तो बघायचे, मुठीत घ्यायचे आणि पुन्हा गोळा करून टाकायचे. "तुझो हात वायरीचो," म्हणायचे. रागाने नव्हे, मीठ कमी आहे म्हणावं तसं.

म्हणून हे यंत्र. आधी सुईसारखं टोक लावून काकांनी केलेला चेहरा ठिकठिकाणी शिवायचा आणि प्रत्येक ठिकाणाची खोली संगणकात टिपून घ्यायची. नंतर त्याच सांगाड्यावर टोकाच्या जागी कोरायचं हत्यार लावून लाकडात साचा कोरायचा. त्यासाठी २००८च्या चतुर्थीआधी यंत्र चालू व्हायला हवं होतं. ती चुकली की काकांचा चेहरा कायमचा गेला. दुसरी संधी नव्हती, आणि हे आम्हा दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तो रोज दुकान बंद करून तासभर क्लासवर यायचा. परदेशी हौशी लोक इंटरनेटवर एकमेकांना प्रश्न विचारतात, ती पानं मी त्याला छापून द्यायचो. दहावी नापास माणूस, शब्दकोश मांडीवर घेऊन ती पानं वाचायचा. वार्निशच्या डब्यांची पुठ्ठ्याची खोकी फाडून त्यांवर तो आराखडे काढायचा. मापं मिलिमीटरमध्ये आणि त्यांच्याखाली बापाला समजावीत म्हणून इंच-सुतांत. सांगाड्याला सरकत्या खिडक्यांचं ॲल्युमिनियम, सरकायला टेबलाच्या खणांच्या पट्ट्या, आटे पाडलेले लांब रॉड हार्डवेअरच्या दुकानातून. मोठ्या तीन मोटरी तेवढ्या मुंबईहून मागवल्या. शिवायच्या टोकाला त्याने रिकाम्या बॉलपेनचं टोक बसवलं, मातीला टोचू नये म्हणून. ते मातीला टेकलं की मागचा विजेचा संपर्क सुटायचा आणि यंत्राला कळायचं की पोचलो.

पण पहिल्याच आराखड्यात मोठी अडचण आली. जगभरची अशी यंत्रं आडवी असतात. काम टेबलावर निजवायचं आणि हत्यार वरून खाली येतं. आमचा गणपती निजवता येत नव्हता. रविराजने बापाला विचारून बघितलं. काकांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. तेव्हा त्याने सगळा आराखडा उभा केला. दरवाजाच्या चौकटीसारखा सांगाडा, त्यात वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकणारी गाडी, आणि गाडीवरून समोर येणारं टोक. गणपती पाटावर बसलेलाच राहणार, यंत्र त्याच्यासमोर उभं राहणार.

मी तो आराखडा इंटरनेटवर टाकला. कॅनडातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, एवढी यातायात कशाला? काम निजवा ना.

"तेका लिवा, देव आसा म्हणान निजवूक गावना नाय," रविराज म्हणाला.

मी तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचं उत्तर आलं. मग वर-खाली जाणाऱ्या गाडीला ब्रेक लावा, मोटरी ढिल्या पडल्या तर ती स्वतःच्या वजनाने खाली घसरेल. शहाणा माणूस होता. पण रॉडवर चालणारी गाडी घसरत नाही, आटे तिला धरून ठेवतात, म्हणून आम्ही ते मनावर घेतलं नाही. पुढे मे महिन्यात हिशोब केला तर रॉडवर एक चेहरा शिवायला चार दिवस लागत होते. माती वाळल्यापासून रंग लावेपर्यंत मधे एखादाच दिवस मिळायचा. तेव्हा रविराजने रॉड काढून प्रिंटरमधला दातेरी पट्टा लावला. काम एका दिवसावर आलं. पट्टा मात्र काही धरून ठेवत नाही. "वीज गेली तरच गाडी खाली येतली," तो म्हणाला, "आणि वीज मी जावक देतलंय काय?" त्याने ट्रॉलरच्या दोन बॅटऱ्या आणून इन्व्हर्टरला जोडल्या. ब्रेक राहिला तो राहिलाच.

आता उरला प्रश्न यंत्राला चालवणाऱ्या प्रोग्रामचा, आणि इथे माझी गोष्ट सुरू होते.

दोन प्रोग्राम होते. एक विंडोजवर चालणारा, दिसायला छान, मोठमोठ्या बटणांचा. चाचणीची प्रत फुकट, पण ती ठरावीक ओळींचं काम झालं की थांबायची. पूर्ण प्रतीसाठी परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड लागायचं, ते आमच्या ओळखीत कोणाकडेच नव्हतं. दुसरा पूर्णपणे फुकट, ओळींची मर्यादा नाही, पण चालायचा लिनक्सवर. कोइमतूरच्या एका भल्या माणसाने त्याची सीडी पोस्टाने पाठवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली, तुमचं काम लांबलचक शिवण्याचं आहे, हाच घ्या. रविराज ती सीडी दोन्ही हातांत धरून माझ्याकडे घेऊन आला.

मला लिनक्स येत नव्हतं. एवढंच होतं. एका रविवारी मी दार लावून ती सीडी चालवून बघितली. काळा पडदा आला, पांढऱ्या अक्षरांत त्याने मला काहीतरी विचारलं, काय विचारलं ते मला कळलं नाही. अर्ध्या तासाने मी संगणक बंद केला. सोमवारी रविराज आला तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून म्हटलं, "ता चलणा नाय रे. कॉलेजातल्या पोरांचा खेळणा आसा ता. आपल्या कामाचा नाय." त्याने मान डोलावली. सर म्हणतात म्हणजे तसंच असणार.

मग मुंबईतल्या एका मित्राकडून मी पहिल्या प्रोग्रामची 'पूर्ण' प्रत मिळवली. चोरीची. 'सगळी कुलपं काढलेली आहेत,' मित्र म्हणाला. मी विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं सोयीचं होतं.

जुलैमध्ये गणपतीच्या शाळेत यंत्र उभं राहिलं. आधी नारळाची करवंटी शिवली, मग स्टीलची वाटी. टोक पुढे यायचं, टेकायचं, टक् आवाज करून मागे जायचं, जरासं सरकून पुन्हा पुढे. वीस मिनिटांनी पडद्यावर करवंटीचा घुमट उगवला आणि रविराज हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. काका भिंत धरत धरत आत आले, पडदा बघितला आणि म्हणाले, "नारळ तर आमच्याकडे होतेच." पण गेले नाहीत. खुर्ची मागवून बसले आणि वाटी शिवून होईपर्यंत बघत राहिले.

खऱ्या चेहऱ्याला टोक लावू द्यायचं की नाही, यावर काकांनी चार दिवस घेतले. शेवटी म्हणाले, "माका काय विचारतंस? ज्येचो गणपती तेका विचार."

रविराज घरोघर फिरला. कोणी नाही म्हटलं नाही, पण कोणी हो म्हणायलाही तयार नव्हतं. अखेर मासळी बाजारात शेवंतीकाकीने टोपलीवरचं फडकं नीट करत त्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं.

"देवाक सुई टोचतलंस?"

"सुई नाय गो काकी. पेनाचा टोक. नुसता टेकवूचा."

"मगे टेकव. तुझ्या बापाशीन माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून गणपती दिलो. पण हरतालकेक माका तो रंगान होयो. उशीर झालो तर मी तुझ्या दारात बसान."

त्या वर्षी काकांनी बेचाळीस चेहरे केले. डाव्या हाताने उजवा धरून, मधे मधे थांबून, कधी रडून. मी त्यांना रडताना बघितलंय. ते वेदनेने नव्हतं, संतापाने होतं. शेवंतीकाकीचा गणपती त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावर तीन दिवस बसले. झाल्यावर म्हणाले, "ह्यो बरो झालो." त्या माणसाने आपल्या कामाला बरं म्हटलेलं रविराजनेही कधी ऐकलं नव्हतं.

पावसाने माती वाळायला वेळ लावला. एकतीस ऑगस्टचा रविवार तेवढा हाताशी होता. बाकीच्या एकेचाळीसांना तोवर रंग चढला होता, आणि त्यांच्या घरांनी होकारही दिला नव्हता. सोमवारी रंगाला घेतल्याशिवाय हरतालकेला गणपती तयार होणार नव्हता.

सकाळी सातला सुरुवात केली. गणपती शेवंतीकाकीच्या पाटावर बसलेला, समोर ॲल्युमिनियमची चौकट. टोकाने डाव्या कानापासून शिवायला घेतलं. वरून खाली एक रांग, मग थोडं उजवीकडे, पुन्हा वरून खाली. दोनशे ओळींच्या वाटीपुढे हे काम हजारो ओळींचं होतं. आम्ही एवढं लांब काम एकदाही चालवून बघितलं नव्हतं. वेळ नव्हता, असं मी तेव्हा म्हणत होतो. वेळ होता. मला भीती वाटत होती.

दहा वाजेपर्यंत कान झाला, बारापर्यंत गाल. एकच्या सुमारास डावा डोळा पडद्यावर उमटला. तो काकांचाच डोळा होता. रविराज जेवला नाही, पाणीही प्यायला नाही. अडीचला टोक सोंडेच्या मधोमध पोचलं. तेवढ्यात आतून काकांची हाक आली. त्यांना आता एकट्याने उठता येत नसे. "सर, पाच मिनटां बगा," म्हणून रविराज आत गेला.

तो गेला आणि यंत्र थांबलं.

पडद्यावर एक छोटी चौकट आली. इंग्रजीत दोन ओळी. मी त्या वाचल्या. चाचणीच्या प्रतीची मर्यादा संपली, असं लिहिलं होतं. कुलपं काढलेली नव्हती. त्या क्षणी मला यंत्राची काळजी वाटली नाही, चेहऱ्याचीही वाटली नाही. रविराज परत यायच्या आत ही चौकट पडद्यावरून गेली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. मी ती बंद केली. प्रोग्राम पुन्हा चालू केला, जिथे थांबला होता ती ओळ शोधली, आणि तिथून पुढे चालवायचं बटण दाबलं.

प्रोग्राम थांबताच मोटरी ढिल्या पडल्या होत्या. पट्ट्यावरची गाडी आपल्या वजनाने दोन बोटं खाली घसरली होती. मी पडद्याकडे बघत होतो, गाडीकडे नाही. यंत्राला वाटलं आपण होतो तिथेच आहोत. ते वेगाने उजवीकडे निघालं. वेळ वाचावा म्हणून आम्ही टोक मातीपासून अगदी जवळ ठेवलं होतं. ते सोंडेच्या फुगवट्यात घुसलं आणि तसंच ओढत उजव्या बाजूला गेलं, गालावरून, वर गेलं तेव्हा डोळ्यावरून, कानापर्यंत. मी ओरडलो. बंद करायचं बटण समोर असून मला सापडलं नाही. रविराज धावत आला आणि त्याने यंत्राची वायर उपटली.

सोंडेचा ढलपा पाटावर पडला होता. उजव्या डोळ्याच्या जागी खाच होती.

त्याने गाडीकडे बघितलं, मग पडद्याकडे. मी चौकट बंद केली होती, पण प्रोग्रामने ती पुन्हा दाखवली. रविराजने बोट लावून त्या दोन ओळी वाचल्या. शब्दकोशाची गरज त्याला पडली नाही.

"चोरीचा होता?" त्याने विचारलं.

"होय," मी म्हटलं.

त्याने मला शिवी दिली नाही. द्यायला हवी होती. आज सोळा महिने झाले, मी त्या शिवीची वाट बघतोय.

काका भिंतीला धरून दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. त्यांनी चेहरा बघितला, आम्हा दोघांना बघितलं, आणि म्हणाले, "पाणी हाड."

रविराजने पाणी आणि शाडू आणला. काका गणपतीसमोर बसले. संध्याकाळपर्यंत बसले होते. सोंड लागली, पण डोळा येईना. बोट डोळ्याजवळ नेलं की हात उडायचा, आणि आधीपेक्षा जास्त जायचं. डाव्या बाजूचाही डोळा त्या झटक्यांत बिघडला. शेवटी त्यांनी ओल्या फडक्याने सगळा चेहरा पुसून सपाट केला. मग रविराजचा हात धरून मातीवर ठेवला.

"तू कर. मी सांगतंय."

ते सांगत गेले, तो करत गेला. दाब, सोड, वायच वर, खंय चललंस, खाली ये. मंगळवारी हरतालकेला शेवंतीकाकी आली तेव्हा शेगडीजवळ वाळवलेला गणपती रंगून तयार होता. गाल फुगलेले, डोळे मोठे, गालगुंडाचा. रविराजने तिला सगळं सांगितलं. माझं नाव मात्र घेतलं नाही, 'यंत्र बिगाडला' म्हणाला. तिने गणपती नीट बघून घेतला. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "उचल. घरात सगळी वाट बगतत." आणि गणपती घेऊन गेली.

काका पुन्हा शाळेत आले नाहीत. कोणी काही विचारलं की हात पांघरुणाखाली घ्यायचे. फेब्रुवारीत गेले. रविराजने दुकान तेरा दिवस बंद ठेवलं आणि चौदाव्या दिवशी उघडलं. एका गिऱ्हाइकाला मोटर गुरुवारी देतो म्हणून सांगितलं आणि दिली.

मार्चमध्ये तो क्लासवर आला. मला वाटलं, आता बोलेल. त्याने फक्त सीडी मागितली, कोइमतूरची. मी कपाटातून काढून दिली. पंधरा दिवसांनी त्याच्या दुकानात गेलो तर यंत्र चालू होतं, पडद्यावर लिनक्स. वर-खालीच्या गाडीला स्कूटरच्या ब्रेकची केबल लावून त्याने ब्रेकही केला होता.

"कसा केलंस?"

"सोपा आसा ओ, सर," तो म्हणाला. मला टोचायला म्हणून नाही, खरं तेच सांगायचं म्हणून. "आठ दिवसांत इला माका. सुरवातीक नाव विचारता तेवडाच. कायव नाव घालूचा."

म्हणजे त्या रविवारी काळ्या पडद्यावर मला नाव विचारलं होतं. माझं नाव मलाच इतकं मोठं वाटत होतं, आणि नेमकं ते घालायला सुचलं नाही.

संगणकात अर्धा चेहरा राहिला होता. डावा कान, डावा गाल, डावा डोळा, अर्धी सोंड. रविराजने तो आरशात दिसतो तसा उलटा करून उजव्या बाजूला जोडला. आता त्याच्याकडे पूर्ण चेहरा होता, दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा. त्याने तो फणसाच्या लाकडात कोरला. साचा सुरेख झाला. पण काकांच्या चेहऱ्याच्या दोन बाजू कधीच सारख्या नव्हत्या. उजवा डोळा जरा जास्त मिटलेला असायचा, त्या बाजूचा ओठ किंचित खाली. त्यामुळेच तो ऐकतोय असं वाटायचं. नवा चेहरा देखणा होता आणि काहीही ऐकत नव्हता.

२००९च्या नागपंचमीला मला वाटलं पाट येणार नाहीत. एकेचाळीस आले आणि मग शेवंतीकाकीचाही आला. रविराजने बेचाळीस गणपती केले, अंगं ओबडधोबड, चेहरे साच्यातले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी लोक न्यायला आले आणि थक्क झाले. 'भिकाजीचो हात तो ह्योच,' म्हणाले. एक म्हातारा तर चेहऱ्याला हात जोडून रडला. शेवंतीकाकी म्हणाली, "अवंदा तुझो बापूस इलो रे." रविराज सगळ्यांना पाट उचलू लागत होता आणि हो म्हणत होता.

दुपारी शेवटची दोन घरं यायची होती. शाळेत आम्ही दोघेच होतो. तो उंबऱ्यावर बसला, हाताला रंग लागलेला.

"सर, खरा सांगा. बाबाचो आणि ह्यो, तुमका फरक कळता?"

मी समोर उरलेल्या दोन गणपतींकडे बघितलं. कळत होता. पहिल्या दिवसापासून कळत होता.

"नाय रे," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली, माझ्यावर विश्वास ठेवताना डोलवायचा तशीच.

"माका आदी कळायचो," तो म्हणाला. "साचो कोरलंय तेवा एकदम कळलो. म्हटलंय, असूंदे, माका तरी ठावक आसा. पण पाच म्हयने रोज ह्योच बगतंय. आता डोळे मिटलंय तरी ह्योच दिसता. बाबाचो कसो होतो ता माका आठवणा नाय, सर."

बाहेर कोणीतरी हाक मारली. तो हात पुसत उठला आणि पाट उचलू लागायला गेला.